अस्ताना, नूरसुलतान, पुन्हा अस्ताना: कझाकस्तानचं सत्तांतर आणि न पटलेल्या घोषणा

कझाकस्तानच्या संसदेने २० मार्च २०१९ या एका दिवसात काय काय उरकलं, त्याचा क्रम आधी लावून घेऊ. आदल्या संध्याकाळी नूरसुलतान नझरबायेव यांनी टीव्हीवर भाषण केलं आणि कॅमेऱ्यासमोरच राजीनाम्याच्या हुकुमावर सही केली. १९८९ मध्ये ते सोव्हिएत कझाकस्तानच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रथम सचिव झाले, तेव्हापासून जवळजवळ तीस वर्षं देशाची सूत्रं त्यांच्याच हातात होती. घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षपद सिनेटचे सभापती कासिम-जोमार्त तोकायेव यांच्याकडे आलं. २० तारखेला त्यांनी शपथ घेतली आणि लगेचच्या भाषणात राजधानी अस्तानाला मावळत्या अध्यक्षांचं नाव द्यावं, असं सुचवलं. राजधानीचं नाव तिथल्या घटनेत लिहिलेलं असतं, म्हणजे घटनादुरुस्ती आली. तीही त्याच दिवशी मंजूर झाली. तोकायेव उठल्यामुळे सिनेटच्या सभापतीची खुर्ची रिकामी झाली होती; तिच्यावर त्याच दिवशी नझरबायेव यांची थोरली मुलगी दारिगा बसली. २३ मार्चला हुकूम निघाला आणि अस्तानाचं ‘नूरसुलतान’ झालं.

मधले दिवस नवरोजच्या सुट्टीचे होते. लोक सणासाठी बाहेर पडले होते, त्यातच राजधानीत आणि अल्माटीत छोटे-छोटे घोळके निषेधाला उभे राहिले आणि पोलिसांनी त्यांना उचललं.

याला सत्तांतर म्हणायचं का, हा प्रश्न लोकांनी पहिल्या दिवसापासून विचारला, कारण नझरबायेव यांनी सोडलं त्यापेक्षा जवळ ठेवलं जास्त. सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद २०१८ च्या कायद्याने त्यांच्यासाठी तहहयात करून ठेवलेलं होतं. सत्ताधारी नूर ओतान पक्षाचं अध्यक्षपद होतं, घटना परिषदेची जागा होती आणि ‘एलबासी’, म्हणजे राष्ट्रनेता, हा २०१० पासूनचा कायदेशीर दर्जाही होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये तर तोकायेव यांनीच हुकूम काढला, की परराष्ट्र, संरक्षण आणि गृह ही खाती सोडून बाकीच्या मंत्र्यांच्या नेमणुका सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांशी सल्लामसलत करून व्हाव्यात. तिथले राजकीय निरीक्षक तेव्हा ‘अकोर्दा’ आणि ‘लायब्ररी’ असे दोन शब्द वापरायचे. अकोर्दा हा राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद आणि लायब्ररी म्हणजे पहिल्या अध्यक्षांच्या नावाचं ग्रंथालय, जिथून एलबासींचा कारभार चाले. कुणाची फाइल कुठे अडली हे समजायला दोनच शब्द पुरत.

आता विचारसरणीकडे येऊ. कझाकस्तानच्या १९९५ च्या घटनेने वैचारिक विविधता मान्य केली, त्यामुळे मार्क्सवाद-लेनिनवादासारखी अधिकृत विचारसरणी कागदावर नाही. तिची जागा कार्यक्रमांनी घेतली. प्रत्येक कार्यक्रमाला एक आकडा किंवा एक भारदस्त नाव. १९९७ मध्ये ‘कझाकस्तान-२०३०’ आला. डिसेंबर २०१२ मध्ये सांगितलं गेलं की त्याची मुख्य उद्दिष्टं गाठून झाली, आता ‘कझाकस्तान-२०५०’, म्हणजे जगातल्या पहिल्या तीस विकसित देशांत जाणं. मुदतीला अठरा वर्षं बाकी असताना योजना पूर्ण! २०१४ मध्ये ‘मांगिलिक एल’, चिरंतन राष्ट्र. २०१५ मध्ये ‘शंभर ठोस पावलं’. एप्रिल २०१७ मध्ये ‘रूहानी झंगिरू’, म्हणजे आत्मिक नवजागरण; त्यात शंभर नवी पाठ्यपुस्तकं, शंभर नवे चेहरे, पवित्र स्थळांचा नकाशा आणि कझाक भाषेसाठी लॅटिन लिपी.

ही यंत्रणा वरून खाली कशी उतरते ते पाहण्यासारखं आहे. आधी राष्ट्राध्यक्षांचा लेख किंवा वार्षिक संदेश छापून येतो. मग अकिमात, म्हणजे प्रांताचं किंवा शहराचं प्रशासन, त्यावर बैठक घेतं, आणि शाळा, दवाखाने, ग्रंथालयं यांच्याकडून कृती-आराखडे मागवले जातात. ‘बजेटनिक’, म्हणजे सरकारी पगारावर जगणारे शिक्षक, परिचारिका, कारकून, सभागृह भरायला पाठवले जातात. फोटो काढले जातात, अहवाल वर जातो. गोम इथेच आहे. अहवालात कार्यक्रमांची संख्या मोजली जाते, परिणाम मोजायला कुणी बसत नाही. त्यामुळे अकिम, म्हणजे अकिमातचा प्रमुख, करतो काय, तर एरवीही होणारच होतं ते सगळं, कुस्तीची स्पर्धा, रस्त्याची डागडुजी, झाडं लावणं, नव्या नावाखाली दाखवतो. वर्षभराने नवं नाव येतं आणि त्याच झाडांचा अहवाल त्या नावाने जातो. सोव्हिएत काळात वाढलेल्या पिढीला यात काहीच नवीन नव्हतं. सभेत टाळ्या कशा वाजवायच्या आणि घरी येऊन काय बोलायचं, याचा सराव त्यांना आधीपासून होता.

लॅटिन लिपीचं प्रकरण तर या पद्धतीचा नमुनाच. सप्टेंबर २०१७ मध्ये संसदेपुढे पहिला आराखडा आला, त्यात खास कझाक ध्वनींसाठी दोन-दोन अक्षरं जोडली होती. गाजराला कझाकमध्ये जो साधा शब्द आहे, तो या पद्धतीने लिहिल्यावर रशियन वाचणाऱ्याला चक्क शिवी दिसायला लागली, आणि सोशल मीडियावर गाजरांचा पाऊस पडला. तो आराखडा मागे पडला. २६ ऑक्टोबर २०१७ च्या हुकुमाने जी लिपी ठरली, तिच्यात जोडाक्षरांऐवजी अ‍ॅपॉस्ट्रॉफी होत्या. देशाच्या अधिकृत नावातल्या ‘प्रजासत्ताक’ या एका शब्दातच दोन. अ‍ॅपॉस्ट्रॉफी घातली की हॅशटॅग तिथेच तुटतो, सर्च बिघडतो, वेबसाइटच्या पत्त्यात ती चालत नाही. भाषातज्ज्ञ आणि संगणकवाले दोघंही हेच सांगत होते. चार महिन्यांत, फेब्रुवारी २०१८ मध्ये, तिसरी आवृत्ती आली, अक्षरांवर तिरप्या रेघा असलेली. २०२१ मध्ये आणखी एक. मूळ मुदत २०२५ ची होती. पुढे टप्पे २०२३ ते २०३१ असे सांगितले जाऊ लागले. लिपी बदलण्याला विरोध नसलेले लोकही यात दुरावले, कारण आधी हुकूम आणि मग चाचणी असा उलटा क्रम त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला.

लोकांचा संशय निव्वळ घोषणांमुळे वाढला असं मात्र कुणी समजू नये. डिसेंबर २०११ मध्ये झानाओझेन या तेलाच्या गावात संपकऱ्यांवर गोळीबार झाला. सरकारी हिशोबानेही त्यात किमान १६ जण गेले. २०१६ मध्ये परदेशी भाडेकरूंना शेतजमीन २५ वर्षांच्या कराराने देण्याच्या दुरुस्तीविरुद्ध अतिराऊपासून निदर्शनं सुरू झाली. सरकारने माघार घेतली, दुरुस्तीला स्थगिती दिली, आणि निदर्शकांपैकी मॅक्स बोकायेव आणि तल्गात अयान यांना पाच-पाच वर्षांची कैद सुनावली. मागणी मान्य आणि मागणारा तुरुंगात! ४ फेब्रुवारी २०१९ च्या रात्री अस्तानात एका साध्या घराला आग लागली आणि आईवडील रात्रपाळीला गेलेले असताना पाच बहिणी जळून गेल्या. त्यानंतर ठिकठिकाणी आया सरकारी कार्यालयांत जाऊन बसल्या. मुलांचे भत्ते आणि घरं मागू लागल्या. २१ फेब्रुवारीला नझरबायेव यांनी सरकार बरखास्त केलं. राजीनामा त्यानंतर चार आठवड्यांच्या आत आला. राजधानीत काचेचे मनोरे आणि त्याच राजधानीच्या कडेला कोळशाच्या शेगडीवर रात्र काढणारी घरं, हे चित्र कुठल्याही ‘२०५०’ मध्ये बसत नव्हतं.

२०१९ च्या वसंतात या संशयाने जे रूप घेतलं, ते माझ्या मते सोव्हिएतोत्तर राजकारणातल्या सगळ्यात हुशार गोष्टींपैकी एक आहे. ९ एप्रिलला तोकायेव यांनी ९ जूनला मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली. २१ एप्रिलला अल्माटीत मॅरेथॉन होती. आस्या तुलेसोवा आणि बेइबारिस तोलिम्बेकोव या दोघांनी धावपटूंच्या मार्गावर फलक लावला: ‘सत्यापासून पळता येत नाही’. कुणाचं नाव नाही, सोबत फक्त निष्पक्ष निवडणुकीचे हॅशटॅग. दोघांना १५ दिवसांची कोठडी झाली, आणि सोबतच्या तिघांना दंड. दंडाचा हिशोबही सांगतो, कारण तिथे तो एका खास एककात होतो: मासिक गणना निर्देशांक. २०१९ मध्ये त्याची किंमत २,५२५ तेंगे (तिथलं चलन) होती, दंड ५० एककांचा, म्हणजे १,२६,२५० तेंगे. खटला प्रशासकीय गुन्ह्याचा, विनापरवाना जमाव या कलमाखालचा. फौजदारी खटला लागत नाही, निकाल काही तासांत, आणि कोठडी पंधरवड्याची. सरकारला हे सोयीचं, कारण अशा माणसाला राजकीय कैदी म्हणता येत नाही.

आठवडाभराने रोमान झाखारोव याने अल्माटीतच पुलावरून फलक सोडला. त्यावर घटनेच्या तिसऱ्या कलमातलं वाक्य होतं: राज्यसत्तेचा एकमेव स्रोत जनता आहे. त्यालाही पोलिसांनी पकडलं. ६ मेला देशाच्या पश्चिमेला ओराल शहरात अस्लान सगुत्दिनोव हा ब्लॉगर चौकात कोरा कागद धरून उभा राहिला. काहीच लिहिलेलं नसताना आपल्याला उचलतात का ते त्याला बघायचं होतं. पोलिसांनी त्याला ठाण्यात नेलं आणि गुन्हा कुठला लावायचा ते न सुचल्याने सोडून दिलं. हे का जमलं, तर विचारसरणीविरुद्ध दुसरी विचारसरणी उभी करायला पक्ष, पैसा, नेता लागतो, आणि ते सगळं दाबता येतं. राज्याचं स्वतःचंच वाक्य राज्यापुढे धरायला एक कापड पुरतं. पोलिसाने हात लावला की तो घटनेला हात लावतो, नाही लावला तर उद्या दहा फलक येतात.

निवडणुकीत तोकायेव यांना ७०.९६ टक्के मतं पडली. विरोधी उमेदवार आमिरझान कोसानोव यांना १६.२३ टक्के, जी तिथल्या इतिहासात मोठीच संख्या. पण पूर्ण निकाल लागण्याआधीच त्यांनी विजेत्याचं अभिनंदन करून टाकलं आणि त्यांच्या मतदारांनी कपाळावर हात मारून घेतला. मतदानाच्या दिवशीच सुमारे ५०० जणांना ताब्यात घेतल्याचं गृहखात्याने मान्य केलं. त्याच दरम्यान तरुणांची ‘ओयान, कझाकस्तान’, म्हणजे ‘जागा हो’, ही चळवळ उभी राहिली. नोंदणी नाही, अध्यक्ष नाही, त्यामुळे बंदी तरी कशावर घालणार?

याला तोकायेव यांनी दिलेलं उत्तर म्हणजे ‘ऐकणारं राज्य’. सप्टेंबर २०१९ च्या संदेशात ही संकल्पना आली. जनविश्वासाची राष्ट्रीय परिषद नेमली गेली, तिच्यात काही टीकाकारही घेतले. मे २०२० मध्ये सभांचा नवा कायदा झाला: परवानगीऐवजी पूर्वसूचना, पण ठरवून दिलेल्या जागांवरच, आणि उत्स्फूर्त जमावाला जागाच नाही. ऐकायचं तर बोलणाऱ्याने आधी अर्ज करायचा. १० जानेवारी २०२१ च्या संसद निवडणुकीच्या दिवशी अल्माटीत ओयानच्या कार्यकर्त्यांना अटक केली नाही. पोलिसांनी त्यांच्याभोवती कडं करून त्यांना कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास उभं ठेवलं. अटकेची नोंद शून्य.

मग जानेवारी २०२२. वर्षाच्या पहिल्या दिवशी द्रवरूप गॅस पूर्णपणे बाजारभावाने विकायला सुरुवात झाली आणि मांगिस्तौ प्रांतात लिटरचा भाव साधारण ६० तेंगेवरून १२० वर गेला. तिथल्या बहुतेक गाड्या याच गॅसवर चालतात, आणि गॅस त्याच जमिनीतून निघतो. २ तारखेला झानाओझेन पुन्हा रस्त्यावर आलं. तीन दिवसांत आग देशभर पसरली, आणि भावाची मागणी मागे पडून एकच घोषणा पुढे आली: ‘शाल, केत!’ म्हातारबा, चालते व्हा. तोकायेव तेव्हा जेमतेम अडुसष्टचे. घोषणा कुणासाठी होती, हे कुणाला सांगावं लागलं नाही. ५ जानेवारीला ताल्दिकोर्गानमध्ये नझरबायेव यांचा पुतळा दोरखंड लावून पाडला. अल्माटीचं अकिमात जळलं. त्याच दिवशी तोकायेव यांनी सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं, तहहयात असूनही, आणि रशियाप्रणीत सामूहिक सुरक्षा संघटनेचं सैन्य बोलावलं. ७ तारखेला ‘इशारा न देता गोळी घाला’ हा आदेश त्यांनी टीव्हीवरून सांगितला. मृतांचा सरकारी आकडा शेवटी २३८ वर थांबला.

सरकारची बाजू अशी की अल्माटीवर वीस हजार ‘दहशतवाद्यांनी’ हल्ला केला, काही बाहेरून आलेले. आता हे पटवायला पुरावा लागतो. सरकारी वाहिनीने एक माणूस दाखवला, चेहरा मारहाणीने सुजलेला. तो सांगत होता, की मी किर्गिझस्तानातला बेकार, अनोळखी लोकांनी ९०,००० तेंगे देऊ केले म्हणून निदर्शनाला आलो. शेजारच्या बिश्केकमध्ये लोकांनी त्याला काही तासांत ओळखलं. तो विक्रम रुझाखुनोव, नावाजलेला जाझ पियानोवादक. नावाने आपल्याला चटकन जवळचा वाटावा असा, पण किर्गिझस्तानचाच. किर्गिझ सरकारने दाद मागितली आणि त्याला सोडावं लागलं. बाहेर आल्यावर त्याने सांगितलं, की असा कबुलीजबाब दिला की लवकर मायदेशी पाठवतात, हे कोठडीत ऐकलं होतं. त्या एका क्लिपने सरकारच्या सगळ्या आवृत्तीचं जे नुकसान केलं, ते कुठल्याच विरोधकाला जमलं नसतं. पुढे सरकारी वकिलांनी कोठडीतल्या छळाने सहा जण दगावल्याचं मान्य केलं, आणि वीस हजारांचा हिशोब काही लागला नाही.

१८ जानेवारीला नझरबायेव व्हिडिओवर आले: मी २०१९ मध्येच सत्ता सोपवली, तेव्हापासून पेन्शनर आहे, राजधानीत विश्रांती घेतोय.

त्यानंतर तोकायेव यांनी जी हत्यारं काढली, ती सगळी जुन्या पेटाऱ्यातली. ‘नवा कझाकस्तान’, मग ‘न्याय्य कझाकस्तान’, मध्ये ‘दुसरं प्रजासत्ताक’. नूर ओतान पक्षाचं नाव ‘अमानत’ झालं. ५ मे २०२२ ला सार्वमताचा हुकूम निघाला, ५ जूनला मतदान. ३३ कलमांत ५६ दुरुस्त्या, आणि मतपत्रिकेवर प्रश्न एकच, हो की नाही. एलबासीचा उल्लेख घटनेतून काढायला तुम्ही हो म्हणालात, तर बाकीच्या सगळ्यालाही हो म्हटल्यासारखं. ७७.१८ टक्के ‘हो’. सुधारणा खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही: अध्यक्षांच्या जवळच्या नातेवाइकांना राजकीय पदं बंद झाली, अध्यक्षाने पक्षात राहू नये हे ठरलं, आणि सप्टेंबरमध्ये सात वर्षांची एकच कारकीर्द ही मर्यादा आली. पण त्याच घटनादुरुस्तीत राजधानीचं नाव पुन्हा अस्ताना झालं, पुन्हा कुणाला न विचारता, साडेतीन वर्षांनी.

नावं बदलणं किती अर्धवट होतं, हे विमानाच्या तिकिटावर दिसतं. त्या गावाचं सोव्हिएत नाव त्सेलिनोग्राद, म्हणून विमानतळाचा कोड टीएसई होता. अकमोला झालं, अस्ताना झालं, कोड टिकला. २०२० मध्ये नूरसुलतानसाठी तो एनक्यूझेड केला. शहर परत अस्ताना झालं. कोड एनक्यूझेडच आहे, आणि विमानतळाला नावही नझरबायेव यांचंच. डॉक्टरकीसाठी करागांडाकडे निघालेल्या आपल्याकडच्या मुलाने अस्तानामार्गे तिकीट काढलं, तर बॅगेच्या चिठ्ठीवर हाच कोड येतो. अल्माटीत नझरबायेव मार्ग आहे, राजधानीत नझरबायेव विद्यापीठ आहे. माणसाला घटनेतून काढणं रस्त्यावरून काढण्यापेक्षा सोपं पडलं.

२० नोव्हेंबर २०२२ च्या मुदतपूर्व निवडणुकीत तोकायेव यांना ८१.३१ टक्के मिळाले. दुसरा क्रमांक कुणाचा? कुणाचाच नाही. ‘सर्वांच्या विरोधात’ हा पर्याय २०२१ मध्ये मतपत्रिकेवर परत आणला होता, त्याला ५.८ टक्के पडले, उरलेल्या पाचही उमेदवारांपैकी प्रत्येकापेक्षा जास्त. पक्ष काढायचा म्हटला तर सभासदांची किमान संख्या कागदावर ४०,००० वरून आधी २०,००० आणि मग ५,००० वर आली आहे. तरी ‘आल्गा कझाकस्तान’ या पक्षाची नोंदणी वारंवार नाकारली गेली, आणि त्याचा संस्थापक मारात झिलानबायेव, एकेकाळचा वाळवंटं पळून पार करणारा धावपटू, २०२३ मध्ये सात वर्षांसाठी तुरुंगात गेला. त्यामुळे अविश्वास पक्षांत उतरत नाही, मतदान केंद्राबाहेर राहतो. २०२२ च्या त्या निवडणुकीत देशाचं मतदान ६९.४४ टक्के आणि सगळ्यात मोठ्या शहरात, अल्माटीत, २८.७२. ऑक्टोबर २०२४ मध्ये अणुवीज केंद्राच्या सार्वमतात देशभरात ७१ टक्के ‘हो’ आले. अल्माटीत यादीतल्या चारांपैकी तीन मतदार घरीच राहिले.